बर्फाचं वाळवण

मे महिन्यात दुपारी आमच्या अमळनेरला पारा ४५ च्या आसपास घुटमळत असतो, तेव्हा माझ्या कॉम्प्युटरवर बर्फ पडलेला असतो. मुद्दाम पाडलेला.

विंडोज १० आलं आणि लॉक स्क्रीनवर आपोआप बदलणारे फोटो दिसायला लागले. स्पॉटलाइट म्हणतात त्या सोयीला. सकाळी चहा बाजूला ठेवून मशीन सुरू करावं, तर समोर निळंशार तळं, मागे बर्फाचे सुळके. पासवर्ड टाकला की तळं गेलं आणि एक्सेलची शीट आली. मग मी विंडोजचं बटण आणि एल दाबून परत कुलूप लावतो. घरात शिरलेल्या माणसानं दारावरचं तोरण बघायला पुन्हा बाहेर यावं, तसं.

असा एक फोटो मला फार आवडला होता. धुक्यात बुडालेलं गवताळ रान आणि एकच झाड. उद्या सेव्ह करू म्हटलं. उद्या तिथे फ्लेमिंगो उभे होते आणि माझं झाड कायमचं गेलं होतं.

हे फोटो आपल्याच मशीनमध्ये उतरलेले असतात, पण जुने झाले की पुसले जातात, हे मला नंतर कळलं. त्यांची जागा मात्र धान्याच्या पेवासारखी लपवलेली. आधी एक्सप्लोररमध्ये लपलेली फोल्डर दिसतील असं करायचं. मग अ‍ॅपडेटा, त्यात लोकल, त्यात पॅकेजेस. तिथे कंटेंट डिलिव्हरी मॅनेजर असं नाव असलेलं एक फोल्डर सापडतं, ज्याच्या शेपटाची अक्षरं कुठल्याच भाषेत उच्चारता येत नाहीत. त्यात लोकलस्टेट आणि त्याच्या पोटात अ‍ॅसेट्स. एवढं करून आत जावं तर एकही फोटो दिसत नाही. नुसत्या आकडे-अक्षरांच्या लांबलचक नावांच्या फायली, एकीलाही एक्स्टेन्शन नाही. सगळ्या उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायच्या आणि प्रत्येकीच्या नावामागे डॉट जेपीजी लावायचं. की मग तळी, डोंगर, घुबडं पटापट डोळे उघडतात.

मग निवडणं. अगदी हलक्या फायली म्हणजे कसले तरी लोगो, ते फेकायचे. उरलेल्यांत एकच फोटो कधीकधी दोनदा निघतो, एक आडवा १९२० बाय १०८० आणि एक उभा, मोबाइलच्या मापाचा. उभेही मी निष्ठुरपणे फेकतो. एकदा सुपात पाखडल्यासारखं झालं की उरतात पाच-सात. ते ज्या फोल्डरमध्ये जातात त्याचं नाव मी ‘वाळवण’ ठेवलंय.

आता विंडोज ११ मध्ये हा सगळा खटाटोप लागत नाही, डेस्कटॉपलाच स्पॉटलाइट लावून मोकळं होता येतं, असं ऑफिसातल्या पोरांनी मला समजावलं. येतं की! पण ते विकतच्या पापडाच्या पाकिटासारखं. आलं, खाल्लं, संपलं.

चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता त्याचं संग्रहालय झालंय. या माणसानं आयुष्यातली कितीतरी वर्षं घराबाहेर पाऊलच टाकलं नाही. १९८९ साली ते गेले. घरातल्या घरात टेबलावर देखावे मांडून ते फोटो काढत, आणि बघणाऱ्याला ती खरीच जागा वाटे. ते फोटो बघून आल्यापासून माझ्या चोरट्या साठवणीची मला थोडी लाज वाटते. त्यांनी जग घरात घडवलं, मी ते नुसतं राइट क्लिक करून ‘सेट अ‍ॅज डेस्कटॉप बॅकग्राउंड’ करतो.

परवा आई बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, गडबडीत होती. ज्वारी भिजवून, दळून, घाटा शिजवून, त्यात तीळ-लसूण-मिरची घालून पहाटेपासून गच्चीवर थापणं चाललेलं. पाणी प्यायला खाली आली आणि माझ्या मागे उभी राहिली. डेस्कटॉपवर कॅनडातलं मोरेन लेक होतं.

“हाई कोठलं शे रे?”

मी सांगितलं. पाणी इतकं निळं कसं, तेही सांगितलं: हिमनदी सरकताना खालचा दगड दळत जाते, आणि त्या दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं म्हणून. पीठ म्हटल्यावर तिनं जरा वाकून पाहिलं. मग मागचा बर्फ निरखला, पदरानं मान पुसली आणि विचारलं,

“तठे पापड वाळतीन का?”

मला हसू आवरेना. तिला मात्र खरंच उत्तर हवं होतं.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी बिबड्यांचा फोटो काढला. ओळीनं पसरलेले, कडा वळायला लागलेल्या, मागे मावळतीचं ऊन. मोरेन लेक काढून तो डेस्कटॉपला लावला, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मोबाइल उभा धरला होता. आईला म्हटलं, उद्या परत वर येतो, आडवा काढायला. ती म्हणाली, ये, पण दुपारी ये, तेवढेच कावळे हाकलशील.