तुम्ही विचारलंत म्हणून : या वयात परत ‘स्टार ट्रेक’?

त्या अमेरिकन अंतराळमालिकेतले खडक पुठ्ठ्याचे आहेत हे मलाही दिसतं. भाचेमंडळी तरी दर वेळी बोट दाखवतात. “मावशी, इतकं नवीन आलंय, तू त्या १९६६च्या मालिकेत काय बघत बसतेस?” आतापर्यंत मी “जुन्या आठवणी गं” म्हणून सुटका करून घ्यायचे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती लागायची, त्यामुळे सगळ्यांना पटायचंही.

आठवणींसाठी कुणी ७९ भाग ओळीने पाहत नाही. मी पाहिले. खाणकामगारांना मारणारा दगडी प्राणी आपली अंडी वाचवत असतो, तो भाग अजूनही जागेवरून हलू देत नाही. काही भाग भिकार आहेत, विशेषतः तिसऱ्या वर्षाचे.

मग शेवटचा लागला. ३ जून १९६९चा. जॅनिस लेस्टर नावाची शास्त्रज्ञ मालिकेतल्या अंतराळजहाजाच्या कॅप्टन कर्कला सुनावते, की तुमच्या कप्तानांच्या जगात बायकांना प्रवेश नाही आणि हा अन्याय आहे. कर्क म्हणतो, हो, आहे. बस्स, एवढंच! पुढे ती यंत्राने त्याचं शरीर बळकावते, त्याच्या खुर्चीत बसते आणि आरडाओरडा, संशय, थेट मृत्युदंडाचे हुकूम. बघा, बाईच्या हाती जहाज दिलं की काय होतं! शेवटी कर्क हळहळतो, की हिचं आयुष्य कुठल्याही बाईइतकं समृद्ध होऊ शकलं असतं.

सहा वर्षं आधीच सोव्हिएत अंतराळवीर तेरेश्कोव्हा एकटी अंतराळात जाऊन आली होती. आणि हे त्यांना सुचलं नव्हतं असंही नाही. वाहिनीने नाकारलेल्या पहिल्यावहिल्या भागात जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाईच होती. मालिका उभी राहिली तेव्हा त्याच नटीला नर्स केलं.

कर्कचं ते “हो, आहे” मी आधी ऐकलं होतं. कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज व्हायची माझी पाळी आली, तेव्हा साहेबांनी फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ६६ पुढे केलं : संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना तेव्हा कामावर ठेवता येत नसे. “अन्याय आहे मॅडम, मान्य आहे,” म्हणाले, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला नेमलं. त्यांचा आवाज अगदी सहानुभूतीचा होता. कर्कचाही आहे.

त्या जहाजावरच्या कृष्णवर्णीय अधिकारी बाईचं, उहुराचं नाव मला सांगू नका. ती भूमिका करणारी निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाली होती, मार्टिन ल्यूथर किंगनी तिला थांबवलं, ही तिने सांगितलेली हकिकत मीच वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवली आहे. खरी अडचण शाळकरी मीच आहे. ती पोरगी बाबांच्या आरामखुर्चीत बसून जहाज हाकायची. बायकांना ती खुर्ची नाही हे तिला दिसलंच नाही. भोळी होतीस, असं मी तिला म्हणते. ती म्हणते, खुर्ची रिकामी होती, मी बसले, तुझं काय गेलं? पुढे मी इंजिनिअर झाले ते त्या खुर्चीमुळेच, हेही ती वर ऐकवते.

परत सुरुवात केली आहे, या खेपेला त्या नाकारलेल्या भागापासून. ७८वर थांबायचं की शेवटचाही पाहायचा, ते ठरलेलं नाही.