१२३४५६७८९८७६५४३२१ : जोवर हातचा येत नाही तोवर

नऊ एक्के ओळीने मांडून त्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतात. उभा गुणाकार केलात तर त्यात जादू काही नाही. तीच संख्या नऊ ओळींत, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. एकमच्या रकान्यात एक एक्का, दशमच्या रकान्यात दोन, मधल्यात नऊ, मग उतरण. बेरीज कुठेच दहावर जात नाही, म्हणून हातचा नाही. दहा एक्के घेतलेत की मधे १० होतात, हातच्याने डावीकडच्या नवाचेही दहा होतात, आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल गेलाच.

देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनचं नाव दिलं. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली.

अवयव पाडायचे तर वर्गाला हात लावू नका, नऊ एक्क्यांचेच पाडा. १११ × १००१००१. पहिला ३ × ३७, दुसरा ३ × ३३३६६७. आता ३३३६६७ मूळ आहे का? वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. पण १००१००१ ला भागणारी, ३ सोडून कुठलीही मूळ संख्या प घ्या: १/प चं दशांश आवर्तन बरोबर ९ अंकांचं असतं, आणि आवर्तनाची लांबी प−१ ला भागतेच, म्हणून प−१ ला ९ ने भाग जातो. प विषम, तेव्हा १८ नेही जातो. उरतात १९, ३७, ७३ पासून ५७७ पर्यंत फक्त १७. एकानेही भाग जात नाही, संख्या मूळच.

म्हणून आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७², विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने नि:शेष भाग जातो. म्हणजे कापरेकरांचीच हर्षद संख्याही. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग (आठ गाळलेला आहे, चूक नाही). मात्र बेरजेवरून ८१ ची कसोटी लावू नका, ती ३ आणि ९ पुरतीच. १८९९ ची बेरीज २७, पण २७ ने भागलं तर ९ उरतात.

एक्सेलमध्ये टाकलीत तर १५ अंकांपुढे शून्यं: १२३४५६७८९८७६५४३००. जावास्क्रिप्टमध्ये शेवट ३२०, कारण २⁵³ च्या पुढे साध्या नंबरात विषम संख्या मावत नाहीत. पायथनमध्ये पूर्णांक ठेवा, वर्गमूळाला आयस्क्वर्ट (math.isqrt, पूर्णांकातच वर्गमूळ देणारं फंक्शन) वापरा.