चकचकीत गाडी, सुरकुतलेली डिकी
आज सेकंडहँड गाडी बघायला गेलो. रंग असा चकचकीत की मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. सोबतचा मेकॅनिक मात्र रंगाकडे बघेचना. बॉनेट उघडून आधी फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे, बोल्ट पाहिले. डोक्यांवरचा रंग उडालेला, म्हणजे पाना लावून फेंडर कधीतरी खोललेला. असो, फेंडर पार्किंगमध्येही चेपतो. मग डिकीतली स्टेपनी काढून कार्पेट उचललं. पत्र्याला सुरकुत्या! कंपनीच्या स्पॉट वेल्डचे, म्हणजे यंत्राने पत्रे जोडल्याचे, एकसारखे गोल ठिपके एका बाजूला गायब, तिथे हाताने केलेलं ओबडधोबड वेल्डिंग, वर सीलंट (फटी बुजवायचा लेप) फासलेलं. मार थेट चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत गेलेला. मालक म्हणाले, "किरकोळ घासली होती." घासल्याने डिकीचा तळ चुरगळतो होय? चावी परत दिली. नखात अजून सीलंट आहे.