काट्यावरची एकोणीस मिनिटं

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, सकाळीच फोन आला. "भाऊ, फुटेज काढून द्याचं हाये. ठाण्यात जाचं हाये." कॅमेऱ्यांची दुरुस्ती हा माझा धंदा, त्यामुळे असे फोन नेहमीचेच. पेनड्राइव्ह घेतला आणि निघालो.

मामला चोरीचा होता. आदल्या दिवशी संध्याकाळी एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर-ट्रॉलीत कापूस आणला होता. वजनकाट्यावरच्या कॅमेऱ्यात भरलेली ट्रॉली 6:10 ला दिसत होती, रिकामी 6:41 ला. आणि गेटवरच्या कॅमेऱ्यात तीच ट्रॉली 6:32 ला बाहेर पडताना दिसत होती. म्हणजे मालकांच्या मते, भरलं वजन करून गडी कापसासकट बाहेर गेला, कुठंतरी माल उतरवला आणि मागच्या फाटकातून येऊन रिकामं वजन करून घेतलं. मागच्या फाटकावर कॅमेरा नाही. ट्रॉलीला उंच फळ्या, वर ताडपत्री, त्यामुळे बाहेर पडताना आत काय होतं ते कळत नव्हतं. काटापट्टीवर तारीख होती, वेळ नव्हती.

हमाल सांगत होते, गाडी आम्हीच खाली केली. त्यांचं कोणी ऐकेना. पडद्यावर आकडा दिसला की समोरच्या माणसाच्या शब्दाला किंमत उरत नाही, हे मी फार ठिकाणी पाहिलंय आणि दरवेळी मला ते लागतं. ते शेतकरी काका कोपऱ्यात बाकावर बसून होते. "माह्याच वावरातला कापूस म्या कायले चोरू, भाऊ?" एवढंच म्हणाले. पेमेंट अडवलेलं होतं.

मी आधी दोन्ही मशिनी पाहिल्या. काट्यावर जुना अ‍ॅनालॉग कॅमेरा, काळ्या कोअ‍ॅक्सियल केबलवर, टोकाला बीएनसी पिन, खाली धुळीनं माखलेला डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा. गेटवर नवे आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कवर चालणारे. त्यांचा रेकॉर्डिंगचा डबा, एनव्हीआर, वेगळा, इंटरनेटला जोडलेला. जुनं चालतंय तर कशाला बदलायचं म्हणून अर्धं तसंच ठेवलं होतं. आमच्या भागात निम्म्याहून जास्त ठिकाणी हेच दिसतं.

आधी सगळे कॅमेरे एकाच डब्यात जायचे. कॅमेऱ्याला स्वतःचं घड्याळ नसायचंच. डब्याचं असेल ते सगळ्यांचं. ते चुकलं तरी सगळ्या चित्रांत सारखंच चुकायचं, कोण आधी आणि कोण नंतर यात फरक पडायचा नाही. त्या काळी आमचं कसब केबलमध्ये होतं: कुठं जोड सैल आहे, चित्रात पट्टे का येतात. कोअ‍ॅक्सियल तीनशे मीटर सहज ओढायचो. नेटवर्कची केबल शंभर मीटरलाच संपते, पुढं स्विच नाहीतर फायबर लागतं. हे शिकून घेता येतं. पण वेळ कुठून येते, हे विचारायची सवय या धंद्याला अजून लागलेली नाही. एनव्हीआर इंटरनेटवरून घड्याळ मिळवून घेतो. नेट नसलेला डीव्हीआर आपल्याच तालात पळतो. रोज तीन सेकंद पुढं गेला तरी वर्षात अठरा मिनिटं होतात.

मोबाईलशी ताडून पाहिलं. एनव्हीआर बरोबर, डीव्हीआर एकोणीस मिनिटं पुढं. मालक म्हणाले, "आज पुढं असंन, काल होता कायवरून?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

मग विचारलं, काल लाईन गेली होती का? मुनीम म्हणाले, "रोजच जाते जी."

दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावली. मशिनी इन्व्हर्टरवर होत्या, यार्डातले हॅलोजन नव्हते. गेटच्या चित्रात 7:05 ला हॅलोजन विझले, क्षणभर अंधार, मग कॅमेरा नाइट मोडवर जाऊन चित्र काळं-पांढरं झालं. काट्याच्या चित्रात तेच 7:24 ला. लाईन परत आली तेव्हा गेटवर 7:28, काट्यावर 7:47. दोन्ही वेळा एकोणीस मिनिटं. म्हणजे रिकामं वजन खरं 6:22 ला झालं आणि दहा मिनिटांनी काका सरळ गेटातून घरी गेले.

हे असंच ठाण्यात गेलं असतं तर? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये अशा फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलवरून काढलेला तिच्या ठशासारखा आकडा, लिहायची असते. फाईलमध्ये नंतर फेरफार झाला नाही, एवढं त्यातून कळतं. रेकॉर्डिंगच्या वेळी घड्याळच चुकीचं होतं, हे हॅश सांगत नाही. 9 एप्रिल 2025 पासून बाजारातल्या नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या तपासणीची अट आली, ती चांगलीच आहे. पण खेड्यापाड्यांत आधीच भिंतीवर चढलेल्या जुन्या डब्यांकडे कोण पाहणार?

मी डीव्हीआर त्याच नेटवर्कला जोडला, दोघांची वेळ एका ठिकाणाहून घेतली, आणि फरकाचा कागद सही करून मालकांना दिला. दुपारी काकांच्या खात्यात पैसे जमा झाले. मालक मला चहा पाजायला थांबवत होते. मी म्हटलं, शेठ, आधी काकांशी बोला. ते "हो, बोलतो" म्हणाले आणि काट्याकडे निघून गेले. तोवर काकांनी ट्रॅक्टर चालू केला होता.