बांध गावाचा असतो

शाळेचं वर्ष आणि भाताचं वर्ष, दोन्ही मृगावरच सुरू व्हायची. गोराई, मनोरी, कुलवेम इथून खाडी ओलांडून आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांची हजेरी जुलैत एकदम खाली यायची, कारण घरी लावणी असायची. हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत शिक्षकांविषयी आणि निकालांविषयी इतरांनी लिहिलं असेलच. मी लिहितो आहे त्या मुलांच्या घरच्या शेतीविषयी. ती नेमकी कशी चालायची हे सांगू शकणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत, आणि ती माणसं आपल्याच शाळेची आजी-आजोबा मंडळी आहेत.

धारावी बेटावरची ही गावं साष्टी बेटाच्या वायव्य टोकाला आहेत. (झोपडपट्टीची धारावी वेगळी.) 1534 च्या तहानं हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, 1739 मध्ये वसईबरोबर मराठ्यांकडे आला, 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. राज्यं बदलली तरी कोळी, भंडारी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती टिकली. 1957 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत वाढली आणि नांगर धरणारे हात मुंबईकर झाले.

इथल्या शेतीचे दोन भाग. गावालगतची उंच जमीन म्हणजे माळ, आणि खाडीकडची खोलगट जमीन म्हणजे खार. माळावर हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात, ते निघालं की जमिनीतल्या ओलीवर वाल, विहिरीजवळ मुळा, माठ, दुधी, वांगी. भाजीच्या टोपल्या होडीनं मालाड-बोरिवलीच्या बाजारात जायच्या. खारातलं भात मात्र फक्त बांधाच्या जिवावर पिकायचं, म्हणून त्या बांधाविषयी सविस्तर सांगायला हवं.

खाडीची भरती रोज दोनदा येते, पण ती सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. बांधाची उंची पावसाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाच्या वर हातभर तरी ठेवतात. वर चालायला पुरेल एवढा माथा, खाडीच्या अंगाला पसरट उतार, कारण उभ्या भिंतीला लाट खणते आणि पसरट उतारावर ती थकते. माती चिकट चिखलाची, तुडवून घट्ट केलेली. ही माती बांधाच्या बुडाशी खणायची नाही. तिथं खड्डा झाला की पाणी बुडाखालून वाट काढतं आणि वरून शाबूत दिसणारा बांध एका रात्रीत बसतो. खाडीकडची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडायची नाहीत, हाही गावाचा नियम होता, कारण लाटेचा जोर तिथंच मोडतो. चुलीसाठी तिवर तोडणाऱ्याला गाव बोलायचं.

बांधातलं सगळ्यात हुशार यंत्र म्हणजे उघाडी. आतलं पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी बांधात मोरी असते. तिच्या खाडीकडच्या तोंडावर लाकडाची झडप, वरून बिजागरीनं टांगलेली. भरती आली की बाहेरचं पाणी झडप दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून उघडतं. माणूस लागत नाही. बिघडते ती तीन कारणांनी: ओंडका किंवा कचरा फटीत अडकला, बाहेर गाळ साचून झडप उघडेनाशी झाली, किंवा मासळीसाठी कुणी ती काठीनं उघडी ठेवली. तिसऱ्या कारणावरून गावात भांडणं व्हायची आणि ती रास्तच होती. एका रात्रीच्या कोळंबीसाठी दहा घरांचं भात जायचं.

खेकडे आणि उंदीर बांध आतून पोखरतात. बीळ दिसलं की नुसतं तोंड बुजवून भागत नाही. बीळ शेवटपर्यंत खणून काढायचं आणि चिखल थराथरानं ठोकायचा, नाहीतर आत पोकळी राहते आणि पुढच्या उधाणाला तिथंच खांड, म्हणजे भगदाड पडतं. खांड पडली की ती भांगाच्या दिवसांत, ओहोटी लागल्याबरोबर बांधायला घ्यायची. खुंट ठोकून, पेंढ्याचे भारे रचून, त्यावर चिखल टाकत दोन्ही बाजूंनी मध्याकडे यायचं. शेवटचे दोन-तीन हात सगळ्यात अवघड, कारण तोंड जितकं अरुंद तितकी धार जोराची. त्या वेळी अख्खं गाव चिखलात उभं असायचं, मग खांड कुणाच्याही खाचरासमोर, म्हणजे भाताच्या शेतासमोर पडलेली असो. खारं पाणी एकदा आत फिरलं की जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात, आणि पाणी शेजाऱ्याची हद्द पाहत नाही. म्हणूनच म्हणायचे, खाचर ज्याचं त्याचं, बांध गावाचा.

खारात पेरायची घाई करायची नाही. मृगाचं पहिलं पाणी जमिनीतला खार, म्हणजे मीठ, वर काढतं. ते दोन-तीनदा साचवून उघाडीनं सोडून द्यायचं. जाणती माणसं पाणी जिभेवर घेऊन ठरवायची. मग रहू: भात एक दिवस पाण्यात भिजत घालायचं, नंतर दोन-तीन दिवस ओल्या गोणपाटात दाबून ठेवायचं, मोड दिसला की चिखलावर फोकायचं. मोड लांब वाढू दिला तर फोकताना तुटतो.

लावणीचं भात असेल तर राब, म्हणजे रोपं वाढवायचा तुकडा, आधी भाजलेला हवा. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या, गवत आणि वर बारीक माती असे थर द्यायचे आणि वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते आणि तणाचं बी नीट जळतं. वाऱ्याबरोबर आग लावली तर ती वरवरून धावते आणि तण तसंच राहतं. तीन-साडेतीन आठवड्यांचं आवण, म्हणजे रोपं, उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात लावायचं. माळावर एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीन रोपं पुरतात, खारात चार-पाच लावतात, कारण एखाद-दुसरं खारानं मरणार हे धरलेलंच असतं. जुनी बियाणी खार सोसणारी होती, राता हे त्यातलं लाल तांदळाचं. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पनवेल-1 सारखे वाण दिले.

खरी काळजी श्रावणातल्या उघडिपीची. पाऊस आठ-दहा दिवस थांबला की ऊन खार वर ओढतं, पातीची टोकं पांढरी पडून वाळतात. यावर उपाय एकच, खाचरात चार बोटं पाणी धरून ठेवणं, आणि त्यासाठी आतले छोटे बांध गळके नसणं.

कापणी, झोडणी, उडवी रचणं हे कोकणात सगळीकडे असतं तसंच. भात शेर, पायली, मण, खंडीनं मोजायचं; चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी. ईस्ट इंडियन घरांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा. हळव्या भाताच्या पहिल्या लोंब्या कापून चर्चमध्ये आशीर्वादासाठी न्यायच्या. हिंदू घरांत त्याच सुमारास नव्याची पूजा, दाराला लोंब्यांचं तोरण. आपल्या वर्गात दोन्ही घरांची मुलं शेजारी बसायची.

मोडलं ते बांधापासूनच. पोरं नोकरीला लागली, खांड बांधायला माणसं पुरेनात, आणि एकानं खाचर सोडलं की शेजाऱ्याला एकट्यानं बांध सांभाळता येत नाही. खारं पाणी शिरलं तिथं तिवरांचं बी आलं आणि रुजलं. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिवरांना संरक्षण दिलं. ते योग्यच झालं, समुद्राच्या तोंडाशी बसलेल्या या शहराला ती हवीतच. पण ज्याच्या खाचरात तिवर उगवली, त्याला ते खाचर परत मिळत नाही, आणि याविषयी त्याच्याशी कुणीतरी नीट बोलायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

शाळेनं एक काम घ्यावं अशी माझी विनंती आहे. हिवाळ्यात, मोठ्या ओहोटीच्या दिवशी, गावातल्या एखाद्या जाणत्या आजोबांना बरोबर घेऊन मुलांना खाडीकाठी न्यावं आणि जुने बांध नकाशावर उतरवून घ्यावेत. ओळखायला ते सोपे आहेत. खाडीचा ओहळ कधी सरळ जात नाही. तिवरांच्या रानात जिथं हातभर उंचवटा सरळ रेषेत दूरवर जाताना दिसेल आणि मध्येच दोन दगडांमध्ये मोरीएवढी फट असेल, तिथं उघाडी होती.