दुधाच्या टाक्यांपासून अणूंच्या ओळींपर्यंत : आमची वाटचाल

भोसरीत भावाने आणि मी शेड घेतली तेव्हा आमच्याकडे एक लेथ, एक टिग वेल्डिंग मशीन आणि डेअरीची कामं होती. दुधाच्या टाक्यांची आतली वेल्डिंग घासून आरशासारखी करून द्यायची. ते काम पाहूनच एका प्रयोगशाळेतल्या सरांनी आम्हाला व्हॅक्यूम चेंबर करायला दिलं. धातूच्या स्फटिकाच्या अगदी वरच्या थरात अणू कसे बसलेत, हे त्यांना इलेक्ट्रॉन सोडून बघायचं होतं.

सरांनी हिशेब समजावला. दाब एका टॉरच्या (टॉर म्हणजे दाब मोजायचं एकक) दहा लाखाव्या भागाइतका असला, तरी उरलेला वायू साधारण एका सेकंदात स्वच्छ धातूवर अणूंचा अख्खा थर चढवू शकतो. दाब त्याहूनही दहा हजारपट कमी केला, तर पावणेतीन तास मिळतात. मंद इलेक्ट्रॉन वरच्या मोजक्या थरांचीच खबर आणतात, त्यामुळे असा एक थर चढला की नमुना वाया.

पहिलं चेंबर अडलं. फ्लँजच्या धारा, तांब्याची गॅस्केटं, सगळं ठीक. धातूला आतून चिकटलेली ओल निघावी म्हणून हीटिंग टेप गुंडाळून दीडशे अंशांवर दोन दिवस भाजलं. तरी दाब हवा त्याच्या शंभरपट. म्हणजे सरांच्या हातात जेमतेम दीड मिनिट. हेलियमची नळी प्रत्येक जोडावरून फिरवली, पण लीक डिटेक्टर ढिम्म. आठवडाभर मला झोप नव्हती. शेवटी आमच्या फिटरकाकांनी आतला स्टँड सोडवला, एक स्क्रू तळहातावर घेतला आणि म्हणाले, "शेठ, याच्या बुडाशी हवा अडकलीय." टॅप मारलेलं भोक आरपार नव्हतं. तळाशी कोंडलेली इवलीशी हवा आट्यांमधून दिवसचे दिवस झिरपत होती. चूक आमचीच. काकांनी प्रत्येक स्क्रूच्या मधोमध एक मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं, आणि दाब उतरला.

महिन्याभराने सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. आत नखाएवढा तांब्याचा स्फटिक, आर्गॉनचा मारा करून आणि तापवून साफ केलेला. ऑजे वर्णपटात, म्हणजे पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणाऱ्या चाचणीत, कार्बन-ऑक्सिजनची खूण नाही, हे आधी तपासलं. मग दिवे घालवले. पडद्यावर षट्कोनात हिरवे ठिपके उमटले. व्होल्टेज वाढवलं तसे मध्याकडे सरकू लागले. काका काचेपासून हलेनात. हे ठिपके म्हणजे अणू नव्हेत, अणूंच्या मांडणीने ठरावीक दिशांना परतवलेले इलेक्ट्रॉन, असं सरांनी सांगितलं. सोन्याचा स्फटिक एका ठरावीक दिशेने कापला तर त्या पृष्ठभागावर मधेमधे जादा ठिपके येतात, कारण तिथे वरची एकाआड एक ओळ गायब असते.

इलेक्ट्रॉन सोडून अणूंची मांडणी बघायच्या या पद्धतीच्या मुळाशीही आत शिरलेली हवाच आहे. १९२५ मध्ये न्यूयॉर्कला डेव्हिसन आणि जर्मर या भौतिकशास्त्रज्ञांच्या प्रयोगात द्रव हवेची बाटली फुटली, व्हॅक्यूमच्या नळीत हवा शिरली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढलं. ते घालवायला निकेल खूप तापवलं, तेव्हा त्यात मोठे स्फटिक तयार झाले. त्यातूनच १९२७ मध्ये इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे दिसलं. काकांनी ही गोष्ट माझ्याकडून दोनदा ऐकली.

सध्या शेडमध्ये म्यू-मेटलच्या, म्हणजे चुंबकत्व आत येऊ न देणाऱ्या मिश्रधातूच्या, अस्तराचं चेंबर चालू आहे. पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा मंद इलेक्ट्रॉनांची वाट वाकवतं. आतले सगळे स्क्रू भोकाचेच आहेत.