पुण्यात नवी ब्रूअरी उघडली की दुसरा शनिवार टाळा

उद्घाटनाची तारीख मालक ठरवतो, बिअर कधी तयार होणार ते यीस्ट ठरवतं. पुण्यातल्या तीन नव्या मायक्रोब्रूअरी (बिअर जिथे शिजते तिथेच विकणाऱ्या छोट्या जागा) तीन वेगवेगळ्या वेळी पाहिल्या: एक उद्घाटनाच्या संध्याकाळी, एक दुसऱ्या शनिवारी, एक पाचव्या आठवड्यात. तिघींची नावं देत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते कोणत्याही नव्या ब्रूअरीत याच क्रमाने दिसतात.

पहिली मुंढव्याला. वनाज–रामवाडी मेट्रोने कल्याणीनगरला उतरायचं आणि तिथून रिक्षा करायची. कोरेगाव पार्कातून एबीसी फार्म्सवरून मुंढव्याकडे जाणारा रस्ता शनिवारी सहानंतर तुंबतो, म्हणून चारलाच निघालो. स्वतःची गाडी न्यायची नाहीच. परतीची शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि नव्या जागी दारावर ओळखपत्र हमखास मागतात, तेव्हा खिशात असू द्या. निवडणुकीच्या दिवसांत मतदान संपण्याआधीचे ४८ तास ड्राय डे असतो. सोहळ्याचं आमंत्रण त्या काळातलं असेल तर तिथे लिंबू सरबतच मिळेल.

केटलला, म्हणजे काढा उकळायच्या भांड्याला, झेंडूचा हार, टँकवर कुंकवाचं स्वस्तिक, बाहेर ढोल. छानच वाटतं. फक्त टँकच्या झाकणाच्या रबरी गास्केटला कुंकू लागलं नाही ना, एवढं बघावं. ती फट एकदा अस्वच्छ झाली की तिथे जंतू घर करतात आणि मग प्रत्येक बॅच थोडी आंबूस निघते.

आठ टॅप होते, चालू चार. हे चांगलं लक्षण आहे. पहिल्याच दिवशी आठही टॅप चालू असतील आणि त्यात दोन लागर (थंडाव्यात आंबवून मुरवलेली बिअर) असतील तर जरा थांबून हिशोब करा. गव्हाची बिअर १८ ते २२ अंशांवर चार-पाच दिवसांत आंबून होते आणि पुढचा थंडावा धरून दहा-बारा दिवसांत ग्लासात येऊ शकते. लागरचं यीस्ट १०–१२ अंशांवर काम करतं. त्याला आंबायलाच दहा-बारा दिवस हवेत, त्यानंतर शून्याच्या आसपास तीन ते पाच आठवडे मुरवावं लागतं. म्हणजे परवाना हातात आल्यावर महिन्याच्या आत उघडलेल्या जागी खरी लागर असणं अवघड. ब्रूअरला सरळ विचारा, “हा बॅच शिजवला कधी?” तारीख चटकन सांगता आली तर पुढचा मग मागवा.

तिथली गव्हाची बिअर उत्तम होती. हेफेवायझनला, म्हणजे जर्मन धाटणीच्या या गव्हाच्या बिअरला, पिकलेल्या वेलची केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळं किंवा लवंग घातलेली नसते, दोन्ही वास यीस्टच तयार करतं. १७–१८ अंशांवर आंबवली तर लवंग पुढे येते, २२ च्या वर गेली की केळं. लवंग आणखी हवी असेल तर दाणा भिजवताना ४३–४५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं थांबतात आणि मग ६५–६७ अंशांवर तासभर ठेवतात. हा थांबा घेता का, असं विचारल्यावर ब्रूअरचा चेहरा खुलला आणि टँकची फेरी फुकट मिळाली.

फेरीत भांडी साधारण सगळीकडे सारखीच दिसतात. एका खेपेला १,००० लिटर बिअर निघेल असा सेट, पाच टक्क्यांच्या बिअरसाठी त्यात १७० ते १९० किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. गव्हाच्या बिअरला हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) किलोभर पुरतात. आयपीएला, म्हणजे हॉप्सच्या कडू बिअरला, आठ-दहा किलो लागतात, आणि त्यातले बरेचसे आंबल्यानंतर थंड टँकमध्ये पडतात. महागाई तिथे आहे, म्हणून आयपीए महाग असली तर नाक मुरडू नका. टँकवरच्या पाटीवर दोन आकडे लिहिलेले असतात, सुरुवातीची घनता (पाण्याची १ धरून) आणि शेवटची. त्यांच्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज निघतो. १.०४८ वरून १.०१० ला आली असेल तर जवळपास पाच टक्के. पाटी कोरी असेल किंवा तिच्यावर शेवटचा आकडाच नसेल, तर ती बिअर अजून आंबते आहे.

पाण्याबद्दलही विचारावं. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, पण मुंढवा, बाणेर या बाजूला उन्हाळ्यात टँकर आणि बोअर यांवर भिस्त असते आणि बोअरचं पाणी जड. म्हणून बहुतेक ठिकाणी आरओ बसवतात. आरओने सगळंच काढून टाकलं की यीस्टला आणि मॅशला (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टच्या लगद्याला) लागणारं कॅल्शियमही जातं. ते कॅल्शियम क्लोराइड आणि जिप्सम मोजून परत घालतात, लिटरमागे निदान ५० मिलिग्रॅम कॅल्शियम राहील एवढं. हे न केलेल्या बिअरची चव पातळ लागते. तिला दोष देता येत नाही, पण दुसरा मगही मागवावासा वाटत नाही.

आता दुसरा शनिवार, बाणेरला. इथे खरी गंमत आहे आणि ती निव्वळ गणिताची आहे. दोनशे खुर्च्या, शनिवारी दोनदा भरल्या तर चारशे माणसं. माणशी अडीच अर्धा-लिटरचे मग धरले तर एका संध्याकाळी ५०० लिटर. त्यातली निम्मी माणसं गव्हाची बिअरच मागतात, कारण ती गोडसर आणि सोपी. उद्घाटनासाठी साठवलेला हजार लिटरचा टँक अशा चार संध्याकाळीत तळाला लागतो. नवी खेप त्याच आठवड्यात शिजवली तरी दहा-बारा दिवस लागणार. पण मेन्यू छापलेला आहे, गिऱ्हाईक दारात आहे. मग जी बिअर पुढच्या मंगळवारी निघायला हवी होती ती या शुक्रवारीच टॅपला लागते.

घाईची बिअर तीन वासांवरून ओळखता येते. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर यीस्टने काम अर्धवट सोडलं आहे, बिअर लवकर थंड केली. थिएटरमधल्या पॉपकॉर्नच्या बटरचा वास आणि जिभेवर तेलकट घसरण जाणवली तर तो डायअसिटिल. हा पदार्थ यीस्ट स्वतःच तयार करतं आणि दोन-तीन दिवस उबेत राहू दिलं तर स्वतःच खाऊन टाकतं. लागर असेल तर त्यासाठी तापमान १५–१६ अंशांपर्यंत चढवावं लागतं. टँक मोकळा करायच्या घाईत हेच दिवस कापले जातात. तिसरा वास उकडलेल्या मक्याच्या कणसाचा. तो आंबवण्यातला नाही, शिजवण्यातला आहे: फिकट माल्टचा काढा झाकण बंद करून उकळला, ६० ते ९० मिनिटं खळाखळा उकळू दिला नाही किंवा उकळल्यावर गार करायला फार वेळ लावला, तर असं होतं. तो पुढे मुरवून जात नाही.

बाणेरला पॉपकॉर्न होतं. ग्लास थंड असताना लपून राहतं, म्हणून मग दोन्ही तळव्यांत पाच मिनिटं धरायचा, वर हात झाकायचा आणि मग हुंगायचं. ब्रूअर हीच चाचणी प्रयोगशाळेत नमुना ६० अंशांवर अर्धा तास गरम करून घेतात. बिअर परत द्यायची का? द्यावी, पण वेटरवर न ओरडता “बटरचा वास येतोय, जरा ब्रूअरना दाखवाल का?” असं म्हणावं. निम्म्या वेळा दुसरी बिअर येते, उरलेल्या निम्म्या वेळा ब्रूअर स्वतःच बाहेर येतो, आणि ते जास्त चांगलं.

सगळा दोष बिअरचाच असतो असं नाही. बाणेरला पहिला मग निम्मा फेसाचा आला. टँकपासून टॅपपर्यंतच्या नळीत रात्रभर बिअर उभी राहते, आणि त्या नळीला थंड ग्लायकॉलची (गार ठेवणाऱ्या द्रवाची) जोड नसेल तर एप्रिलच्या दुपारी ती गरम होते. गरम बिअरमधला वायू सुटतो आणि फेस उसळतो. दुपारी उघडल्या उघडल्या गेलात तर पहिला मग दुसऱ्या कुणाला जाऊ द्या. नळीतून आंबट, पनीरसारखा वास आला तर नळ्या धुतलेल्या नाहीत. त्या दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याच्या साधारण दोन टक्के द्रावणाने पंधरा-वीस मिनिटं फिरवून, मग साध्या पाण्याने निथळून धुवाव्या लागतात. ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास तेलकट आहे, बहुधा चखण्याच्या ताटल्यांबरोबरच धुतलेला. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाची एक कडी भिंतीवर राहते. कड्या मोजल्या की किती घोटांत संपवली तेही कळतं.

चव घेण्याचा क्रम: ९० ते १२० मिलिलिटरचे छोटे ग्लास, चार पुरेत. फिकट आधी, मग गहू, मग हॉप्सवाली, काळी शेवटी. आयपीए आधी घेतली तर नंतरची गव्हाची बिअर साखरपाणी लागते. मसाला पापड आणि तंदुरी ताटल्या चौथ्या ग्लासानंतर मागवा. तिखटानंतर बिअरची बारीक चव कळत नाही. मध्ये पाणी, आणि दर तासाला एकाहून जास्त मग नको.

पुण्यात हे सगळं सुरू झालं २००९ साली, कोरिंथियन्स क्लबमधल्या डूलालीपासून. तेव्हा मगातली बिअर ढगाळ का, असा प्रश्न लोक विचारत. २०१४ च्या आसपास मुंढव्यात इंडिपेंडन्स आणि कोरेगाव पार्कात एफिनगट आलं, नंतर बंगळुरूचं टॉइट कल्याणीनगरला. आता ढगाळ बिअर कुणाला खटकत नाही, उलट नितळ आली तर लोक विचारतात गाळली का.

तिसरी जागा कल्याणीनगरची, पाचवा आठवडा. आठपैकी सात टॅप चालू. लागर खरी होती: पिवळी, नितळ, पोटाला हलकी, कणसाचा वास नाही. पण आम्ही गेलो होतो ज्वारीच्या बिअरसाठी. ज्वारी, बाजरी, नाचणी घालून बिअर करायची हौस इथल्या ब्रूअरना आहे आणि ती मला आवडते, पण पाटीवर “ज्वारी” लिहिलं की काम झालं असं नाही. ज्वारीचा पिठूळपणा फुटायला ७० च्या पुढचं तापमान लागतं आणि बार्लीच्या माल्टमधली पाचकं (पिठाची साखर करणारी एन्झाइम्स) त्या तापमानाला मरतात. म्हणून ज्वारी वेगळ्या भांड्यात पेजेसारखी उकळून घेतात आणि मग मॅशमध्ये ओततात. तांदळाचंही असंच. शिवाय ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं. प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापुढे गेलं की गाळणीचा थर बसतो, काढा खाली उतरत नाही आणि ब्रूअर रात्री दोनपर्यंत काठीने चाळत बसतो. इथे वीस टक्के ज्वारी होती. चव कोरडी, मागे किंचित भाकरीच्या पापुद्र्यासारखी. इंद्रायणीची बिअर मात्र कुणी विकायला काढली तर तांदळाच्या सुगंधावर पैसे मोजू नका. तासभराच्या उकळीत तो वाफेबरोबर जातो.

आंब्याच्या बिअरचं एवढंच सांगतो: गर मुख्य आंबवणी संपत आल्यावर घालतात, तेव्हा त्यातल्या साखरेवर यीस्ट पुन्हा उठतं. म्हणून ती आणखी चार-पाच दिवस थांबवलेली हवी. गोड आंबारस लागला तर तो शेवटी, ग्लासात भरण्याआधी घातलेला आहे. तसं करायला हरकत नाही, मात्र ते मेन्यूवर लिहावं.

निघण्याआधी शेवटचा हेफेवायझन मागवला तेव्हा दाट, मातकट, यीस्टने भरलेला मग आला. टँक संपायला आला की तळाचा गाळ वर येतो. बारमनने न विचारताच तो ओतून टाकला आणि दुसऱ्या टँकचा दिला. त्या टँकच्या पाटीवर तारीख होती, दोन्ही आकडे होते, आणि खाली खडूने लिहिलं होतं: शुक्रवारच्या आधी उघडू नये. आम्ही शनिवारी होतो.